दाजी चौथ्याला थांबले

रविवारच्या वंदनेत पंचशील सुरू झालं, की आमच्या विहारातल्या निम्म्या लोकांचे डोळे मिटलेले असायचे आणि कान दाजींकडे लागलेले असायचे. आज दाजी कितव्याला थांबतात, हे ऐकायला.

शीलं पाच. पुढे बसलेला माणूस एकेक ओळ सांगतो आणि बाकीचे त्याच्यामागून म्हणतात. जीव घेणार नाही, न दिलेलं घेणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही, नशा करणार नाही. लहानपणापासून म्हणत आल्यामुळे आपल्याला त्यांचा अर्थ आठवावा लागत नाही. जीभ आपली आपण चालते आणि डोक्यात घरी कुकर लावायचाय की नाही याचा हिशेब चाललेला असतो. दाजींचं तसं नव्हतं. त्या आठवड्यात जे शील मोडलं असेल, त्या ओळीला ते तोंड मिटून बसायचे. पुढची ओळ आली की त्यांचा तो भरल्या रांजणातून यावा तसा आवाज पुन्हा सुरू व्हायचा.

कुणी विचारलंच तर एवढंच म्हणायचे, "जेवढं जमलं तेवढंच म्हणायचं, बाई. बाकीचं पुढल्या रविवारी."

मी या गल्लीत राहायला आले तेव्हा ते दुसऱ्याला थांबत होते. मला वाटलं, म्हाताऱ्याला ओळ येत नसेल. मग कळलं की त्यांच्या दुकानात वीज यायची ती खांबावर टाकलेल्या आकड्यातून. आकडा सगळ्याच गल्लीचा होता, पण गप्प बसायचे हे एकटेच. पुढे मीटर बसलं, आणि त्या रविवारी दुसऱ्या शिलाला त्यांनी असा आवाज लावला की माझ्या शेजारणीच्या मांडीवरचं बाळ दचकून रडायला लागलं.

एकदा तर ते तिसऱ्याला थांबले. सगळा विहार गार पडला. बायकांच्या बाजूने आक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मान वळवून जे पाहिलं ते मी अजून विसरले नाही. बाहेर आल्यावर दाजी चपला शोधायचं सोडून प्रत्येकाला सांगत सुटले, "ठसका लागला व्हता हो. नुसता ठसका." त्यानंतर आक्का दर रविवारी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात खडीसाखर घालून द्यायच्या.

दाजी ते आमच्या सगळ्यांचेच. आक्का या गल्लीची लेक, आणि हे फुलंब्रीच्या पुढच्या पिशोर गावाहून आलेले तिचे नवरे, म्हणून गल्लीतली दोन पिढ्यांची माणसं त्यांना दाजीच म्हणायची. आक्कांचा थोरला भाऊ विहार कमिटीचा अध्यक्ष. वंदना पुढे बसून तोच सांगायचा. दाजी राहायचे ती खोली त्याची आणि गल्लीच्या तोंडाशी कूलर दुरुस्तीचं दुकान होतं तो पत्र्याचा गाळाही त्याचाच. मेहुण्याच्या जागेत राहणारा माणूस जसा जरा अंग चोरून वावरतो, तसे दाजी वावरायचे. विहारात बसायचे तेही मागच्या भिंतीला टेकून. आवाज एवढा चांगला, पण "तुम्ही सांगा आज वंदना" म्हटलं की दोन्ही हात हलवायचे. "पुढं बसणाऱ्याला पाचही म्हणावी लागतात," म्हणायचे.

हे सगळं गमतीचं होतं, गेल्या उन्हाळ्यापर्यंत.

अध्यक्षांची मुलगी प्रज्ञा पोलीस भरतीत निवडली गेली होती. पळणं झालं, गोळाफेक झाली, लेखी झाली, यादीत नाव आलं. राहिली होती फक्त चारित्र्य पडताळणी, म्हणजे अंगावर काही गुन्हा नाही ना, हे ठाण्याने कळवायचं. आमच्या गल्लीतून वर्दी घालणारी ती पहिलीच मुलगी झाली असती. यादीत नाव आलं त्या दिवशी अध्यक्षांनी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले, आणि बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले होते. तो माणूस तापट होता, पण मुलीवर जीव टाकायचा.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी मैदानावरून येताना, गल्लीच्या वळणावर प्रज्ञाच्या स्कूटीने कौसाबाईंना उडवलं.

कौसाबाई फुलंब्रीकडच्या. त्या रोज जीपमधून मेथी-कोथिंबीर घेऊन यायच्या आणि आमच्या गल्लीत विकायच्या. टोपली एकीकडे, बाई एकीकडे. मांडीचं हाड मोडलं. प्रज्ञा घाबरली, क्षणभर थांबली आणि तशीच पुढे निघून गेली. लोकांनी कौसाबाईंना रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. मी तेव्हा शाळेत होते. मी फुलंब्रीकडे शिक्षिका आहे, उन्हाळ्यात शाळा सकाळची असते. पुढचं सगळं मला नंतर दाजींनीच सांगितलं.

हवालदार आला. अंडेवाला चाचा म्हणाला, "साब, हम तो अंदर थे. कुछ देखाच नहीं." दुधवाला म्हणाला, कुठलीतरी बाहेरची गाडी होती. मग हवालदार दाजींकडे वळला, कारण हे घडलं ते बरोबर त्यांच्या दुकानासमोर. तोवर अध्यक्ष येऊन दाजींच्या शेजारी उभे राहिले होते. बोलले काही नाहीत, फक्त खांद्यावर हात ठेवला.

दाजी म्हणाले, "माझं डोकं कूलरात व्हतं, साहेब. मला काय दिसलं नाय."

हवालदाराने लिहून घेतलं. अज्ञात वाहन म्हणून नोंद झाली. कूलर खरोखरच समोर उघडा पडला होता, जुनं गवत काढून नवीन भरायचं चाललं होतं. तो कूलर माझाच होता.

त्या रविवारी विहार नेहमीपेक्षा भरलेला होता. अध्यक्ष पुढे, प्रज्ञा बायकांत माझ्या दोन हात पुढे, दाजी मागे भिंतीला. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. "मुसावादा," अध्यक्षांनी चौथं सुरू केलं. आम्ही सगळ्यांनी ते म्हटलं, आणि त्या सगळ्यांच्या आवाजात एक आवाज नव्हता. मला प्रज्ञाची पाठ दिसत होती. ती ताठ झाली. आक्का खाली मान घालून पदराचं टोक पिळत बसल्या.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

सुरुवातीला लोक आपसात कुजबुजायचे. मग कुजबुजही बंद झाली, आणि ते जास्त वाईट होतं. चौथं शील जवळ आलं की विहारात बसवेनासं व्हायचं. कुणाचा तरी मोबाइल वाजावा, पंखा बंद पडावा, काहीतरी होऊन ती ओळ टळावी असं वाटायचं. अध्यक्ष ती ओळ घाईने सांगू लागले. मग मोठ्याने सांगू लागले. पण एवढ्या माणसांत त्या एका आवाजाची उणीव लपत नव्हती.

शेवटी एका रविवारी बाहेर चपला घालताना अध्यक्षांनी दाजींना अडवलं.

"दाजी, दर रविवारी माझ्या पोरीच्या नावानं गप बसता तुम्ही."

"तिच्या नावानं नाय, भाऊ. माझ्या नावानं."

"ते लोकांना कळतं का? लोक पोरीकडं बघतेत. पडताळणी तोंडावर आलीय, आन् घरातलाच माणूस तिच्या पायात पाय घालतोय."

"मी काय बोललोय का कुणापाशी?"

"बोलला असता तर बरं. हे बोलण्याच्या वर हाय." अध्यक्षांचा आवाज चढला. "आम्ही सगळे खोटे आन् तुम्ही एकटे खरे. हेच दाखवायचंय ना? ही वंदना नाय दाजी, हा दिखावा हाय."

एक चप्पल पायात आणि एक हातात, असे दाजी उभे राहिले.

संध्याकाळी ते माझ्या दारात आले. कूलरचं सांगायला आले असतील असं वाटलं. उंबऱ्याबाहेरच बसले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या हायत. खरं सांगा. मी दिखावा करतोय का?"

मला त्यांना बरं वाटेल असं काही बोलता आलं असतं. पण अशा माणसासमोर तसं बोलवत नाही. मी म्हटलं, "थोडा असेल, दाजी. लोक ऐकतात हे तुम्हाला ठाऊक आहे."

त्यांनी मान डोलावली. राग आला नाही, उलट दुखत्या दातावर बरोबर बोट पडावं तसा चेहरा झाला. "व्हय," म्हणाले. "आकड्याच्या टायमाला मला बरं वाटायचं. समदे माझ्याकडं बघायचे, तर आतून जरा गोड लागायचं. ते सोडायला पायजे."

पुढच्या रविवारी ते आत आलेच नाहीत. बाहेर चपलांपाशी, भिंतीच्या आडोशाला बसले, कुणाला दिसू नये म्हणून. पण दिसण्याचा प्रश्न कधी नव्हताच. पहिल्या तीन शिलांना खिडकीतून त्यांचा आवाज आत आला आणि चौथ्याला आला नाही. त्यानंतर त्यांनी यायचंच सोडलं. अध्यक्षांचा चेहरा जरा मोकळा झाला. मला मात्र भीती वाटू लागली. आमच्या आणि दाजींच्या घरात एकच भिंत. पलीकडे एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आक्का भांडीसुद्धा आवाज न करता घासत होत्या.

एका सकाळी मी जीप पकडायला निघाले, तर दाजी दुकानाच्या पायरीवर पांढरा सदरा घालून बसलेले. रविवार नव्हता.

"कौसाबाईचा नातू तुमच्या शाळेत हाय ना? मला घर दाखवता का?"

"कशाला, दाजी?"

"विहारात गप बसणं सोपं व्हतं, बाई. मला वाटायचं, मी लई मोठं काय करतोय. जिच्यापाशी बोलायला पायजे ती तर तिकडं खाटेवर पडलीय."

जीपमध्ये ते माझ्या शेजारी बसले. हातात सफरचंदांची पिशवी होती. उतरल्यावर ती माझ्याकडे देऊन म्हणाले, "ही तुम्हीच द्या मागून. हातात घेऊन बोललो तर फळं देऊन तोंड बंद करायला आलो वाटंल."

कौसाबाई ओसरीवर खाटेवर होत्या. पायात सळई घातलेली, चेहरा निम्मा झालेला. मला ओळखलं त्यांनी. दाजींनाही ओळखलं, रोज त्यांच्याच दुकानापुढे तर बसायच्या. दाजी खाटेजवळ जमिनीवर बसले आणि हात जोडून म्हणाले, "मी बघितलं व्हतं समदं. माझं डोकं वर व्हतं. पोलिसाला खोटं सांगितलं."

कौसाबाईंनी कोपरावर भार देऊन मान जरा वर उचलली. मग म्हणाल्या, "पोरगी व्हती. तोंडाला फडकं व्हतं, पायात पांढरे बूट. येवढं मला बी दिसलं."

"व्हय."

"कोन हाय ती?"

दाजींनी सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसलं. "माझ्या घरातलंच लेकरू हाय," ते म्हणाले. "नाव तिनंच तुम्हाला सांगावं, येवढी एक संधी तिला द्या. तिनं नाय सांगितलं तर मी येऊन सांगतो."

"गाडी लागली त्याचं काय नाय. लेकरू हाय, लागली. पण थांबली नाय ना ती. समदी गल्ली माझ्याकडून भाजी घेती, अन् एक माणूस दवाखान्यात बघायला आलं नाय. मला वाटलं, मी काय केलं यांचं." मग सुनेला म्हणाल्या, "पानी दे त्यांना." माफ केलं असं काही त्या म्हणाल्या नाहीत. दाजींनीही माफी मागितली नाही. पाणी मात्र ते सगळं प्यायले.

परत आल्यावर त्यांनी प्रज्ञाला दुकानात बोलावून सांगितलं. शब्द मला पाठ आहेत, कारण ते त्यांनी मला आधी म्हणून दाखवले होते, बरोबर आहेत का ते विचारायला. "बेटा, उद्या सकाळी मी ठाण्यात जाणार हाय. तुझं नाव सांगायला नाय. माझं डोकं कूलरात नव्हतं, येवढंच सांगायला. पण ते पुढचं इचारतील, आन् मग मला खोटं बोलता येणार नाय. म्हणून तुला आधी सांगतोय."

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडची शांतता मोडली. अध्यक्ष आले होते. आक्का रडत म्हणत होत्या, "माझ्या भावाचं घर बुडवाल तुम्ही." अध्यक्ष म्हणत होते, "ज्या पोरीला खांद्यावर खेळवलं तिचा गळा कापताय." मधूनमधून दाजींचा एकच शब्द ऐकू येत होता. "व्हय." त्यांनी एकाही आरोपाला नाही म्हटलं नाही.

सकाळी मी निघाले तेव्हा ते दुकानाला कुलूप लावत होते. मला बघून म्हणाले, "बाई, मला लई भ्या वाटतंय." एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून असं मी पहिल्यांदाच ऐकलं. एवढ्यात गल्लीतून स्कूटी आली आणि आमच्यापाशी थांबली. प्रज्ञा होती. तोंडाला फडकं नव्हतं. डोळे सुजलेले होते.

"बसा, मामा," ती म्हणाली. "माझं मी सांगते."

दाजी मागे बसले आणि दोघं क्रांती चौकातल्या ठाण्याच्या दिशेने निघाली. वळणावर, जिथे कौसाबाई पडल्या होत्या, तिथे तिने गाडी अगदी सावकाश केली.

तिला शाबासकी मिळाली आणि सगळं गोड झालं, असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. गुन्हा नोंदला गेला. पडताळणी अडकली आणि त्या भरतीचं बोलावणं हातचं गेलं. प्रज्ञा कौसाबाईंकडे जाऊन आली, अजूनही जाते. सकाळी मैदानावरही जाते, पण आता चालत. कौसाबाई काठी घेऊन उभ्या राहतात, बाजार मात्र सुटला तो सुटला.

अध्यक्षांनी दाजींना गाळा आणि खोली रिकामी करायला सांगितली. चारचौघांत नाही, घरात सांगितलं. पण आमच्या भिंतीची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. आक्का भावाशी बोलल्या नाहीत आणि नवऱ्याशीही नाहीत. पण टेम्पोत सामान चढलं तेव्हा त्या पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या आणि आत बसल्या बसल्या दाजींच्या खिशात खडीसाखरेची पुडी कोंबली. निघायच्या आधी दाजींनी माझा कूलर आणून दिला. नवीन गवत, धुतलेली टाकी, सगळं चकाचक. "पंपाचा थोडा आवाज येतोय, बाई," ते म्हणाले. "तेवढा नाय जमला."

त्यांना पिशोरला जाऊन महिना झाला असेल. विहारात मागच्या भिंतीपाशी जागा असूनही तिथे कुणी बसत नव्हतं. मग गेल्या रविवारी वंदनेआधी बाहेरगावचे एक पाहुणे आले, त्यांनी अध्यक्षांना सहज विचारलं, "तुमचे ते भारी आवाजाचे दाजी दिसत नाहीत?"

"गावाची ओढ लागली त्यांना," अध्यक्ष मेणबत्ती लावत म्हणाले. "आपणहून गेले."

आम्ही सगळे ऐकत होतो. प्रज्ञाही ऐकत होती. कुणी काही बोललं नाही.

वंदना सुरू झाली. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. मग अध्यक्षांनी श्वास घेतला, आणि ओळ आलीच नाही. विसरले असतील म्हणून कुणीतरी मागून पहिला शब्द पुटपुटलं. ते तसेच बसून राहिले, पाठ आमच्याकडे आणि तोंड मूर्तीकडे. खांदे जरासे हलले. सांगणारा थांबल्यावर म्हणणाऱ्यांनी काय करायचं, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. बऱ्याच वेळाने त्यांनी एकदम पाचवं शील सुरू केलं, आणि आम्ही त्यांच्यामागून पाचवं म्हटलं. त्या रविवारी आमच्या विहारात चौथं कुणीच म्हटलं नाही.

बाहेर आल्यावर ते चपलांच्या गर्दीत माझ्यापाशी येऊन उभे राहिले. डोळे वर न करता म्हणाले, "बाई, तुमचं रोज जाणं-येणं असतं तिकडं. पिशोरची सकाळची गाडी कुठून भेटते?"